बापुजींचं टाकं

जशीबेन परमारने माझ्या वडिलांच्या दारावर लाल खडूने फुली मारली, खाली तारीख घातली, सही केली आणि मग माझ्याकडे वळून अगदी सरकारी आवाजात विचारलं, "मॅडम, नोटीस कुणाच्या हातात देऊ? तुमच्या की काकांच्या?" तेव्हा मला हसू आलं. येऊ नये अशी ती वेळ होती. समोरच्या घरातली किंजल आठव्या महिन्याची गरोदर; मलेरियाच्या तापाने पाच दिवस फणफणून ती आता कुठे उठून बसायला लागली होती, आणि तिच्यामुळेच आम्ही सकाळी आठपासून सगळी पोळ, म्हणजे दाटीने वसलेली ही जुनी गल्ली, घर न् घर तपासत होतो. बेचाळीस घरं कोरडी ठणठणीत निघाली. त्रेचाळिसावं माझं माहेर. मी जशीबेनला म्हटलंही होतं, "ते राहू दे, बापुजींच्या टाक्याचं झाकण घट्ट असतं, मला माहीत आहे." त्यावर ती कमरेवरचा हात न काढता म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत ना मॅडम, 'राहू दे' म्हटलेलं घर आधी बघायचं म्हणून." शिकवलं होतं खरं. अठरा वर्षांपूर्वी, वॉर्ड ऑफिसच्या मागच्या खोलीत, ती नवीन होती आणि मी तिच्याहून फक्त एक वर्ष जुनी. आज मी या विभागाच्या मलेरिया खात्याची प्रमुख आहे, माझ्या हाताखाली एकशे चाळीस माणसं लोकांच्या पिंपांत, कूलरांत, कुंड्यांत डोकावत हिंडतात, आणि माझ्याच बापाच्या दारावर फुली होती. इतकी सुबक फुली जशीबेनने अख्ख्या वर्षात मारली नसेल.

तिच्या हातात लांब दांड्याची पांढरी वाटी होती. मी ती उन्हात धरली. अळ्या सात-आठ, तरतरीत, चांगल्या खात्यापित्या घरच्या. आणि मग माझं हसू थांबलं, कारण काही अळ्या पाण्याच्या वरच्या कातडीला आडव्या चिकटून होत्या आणि काही डोकं खाली करून लोंबकळत होत्या. आडव्या त्या मलेरियाच्या, लोंबकळणाऱ्या डेंग्यूच्या. या दोन्ही आया घट्ट झाकणाच्या एकाच टाक्यात येऊन अंडी घालून गेल्या, हे काही मला पटेना. अंगात एक बारीक शिरशिरी आली. ही शिरशिरी माझ्या ओळखीची आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्यासाठीच मी एकोणीस वर्षं ही नोकरी केली. हे मी कुणाजवळ मोकळेपणी बोलत नाही. डासांच्या अळ्या बघून बाईमाणसाला आनंद होतो, हे नवऱ्यालाही सांगायची सोय नाही. तो जेवत असतो. पण होतो. उघड्या पाण्यात वाकून बघणं आणि त्यात काय चाललंय ते समजणं, यासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. आमच्याकडे प्रत्येकाला एक हातभर आरसा देतात. उन्हाची तिरीप त्यावर झेलायची आणि टाक्याच्या तोंडातून खाली सोडायची, की तीस फूट खोल अंधारातलं पाणी एकदम पेटतं, चुन्याच्या भिंती दिसतात, तळाशी पडलेला एखादा जुना पेला दिसतो. पहिल्या दिवशी साहेबांनी माझ्या हातात आरसा दिला तेव्हा मला वाटलं होतं, हे तर मी लहानपणापासून करत आलेय. याच घराच्या चौकात पालथी पडून, टाक्याच्या दगडी तोंडावर हनुवटी टेकवून मी माझंच नाव आत सोडायची, आणि खालून कुणीतरी मोठ्या, ओल्या आवाजाचं माणूस ते मला परत द्यायचं. मी प्राणिशास्त्र शिकले ते त्या माणसाच्या शोधात, असं मी कॉलेजात एका मैत्रिणीला सांगितलं होतं. ती म्हणाली, तू जरा कमी वाच. नोकरी लागली त्या दिवशी मी पेढे घेऊन आले. बापुजींनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. आमच्या जैन घरात आठम-चौदसला हिरवी भाजी नाही, जमिनीखालचं कंदमूळ तर कधीच नाही, मुंगी दिसली तर पाय हवेत थांबतो. ते म्हणाले, "डास मारायची नोकरी?" मी म्हटलं, "माणसं वाचवायची." ते "ठीक" म्हणाले आणि पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात टाकला. उरलेला अर्धा बराच वेळ बशीत पडून होता. तो मला अजून दिसतो.

आत चौकात बापुजी हिंचक्यावर, आमच्या लाकडी झोपाळ्यावर, बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, पांढरं धोतर, पांढरी बंडी, कापडाच्या दलालीत आयुष्य गेलं तरी अंगावर रंग म्हणून कधी चढला नाही. बा, माझी आई, गेल्यापासून दोन वर्षं ते इथे एकटेच राहतात, नदीपलीकडे माझ्या घरी येऊन राहा म्हटलं की त्यांचं एकच उत्तर असतं, "पाण्याचं काय?" कारण ते फक्त या टाक्याचं पाणी पितात. गच्चीवर पडलेलं पावसाचं पाणी तांब्याच्या नळीने खाली उतरतं आणि वर्षभर पुरतं. बापुजींनी जन्मापासून दुसरं पाणी तोंडाला लावलेलं नाही. लग्नाला गेले तरी कडीचा डबा बरोबर. माझ्या घरी दोन तास येतात तेव्हाही पिशवीत बाटली असते, आणि मी हातात दिलेला पेला ते मान हलवून बाजूला ठेवतात. मी दारात उभी राहून हाच विचार करत होते. टाक्यात अळी सापडली की औषध, हा नियम मीच लिहिलाय. औषध पडलं की बापुजींच्या दृष्टीने ते पाणी संपलं, पुढच्या चातुर्मासापर्यंत संपलं. मग हा माणूस पिणार काय? आणि औषध नाही टाकलं तर समोर किंजल आहे, तिच्या पोटात आठ महिन्यांचं बाळ आहे.

बापुजींचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते जशीबेनच्या हातातल्या वाटीकडे बघत होते. "ते कुठे घेऊन चाललात? परत सोडा आधी. ऊन लागतंय त्यांना."

"बापुजी," मी म्हटलं, "टाक्याचं झाकण कधी उघडं राहिलं होतं का?"

"छे. सकाळी पाणी काढायला उघडतो तेवढंच. तुझ्या आईसारखंच, वर फडकं आणि मग झाकण."

"मग हे आत आले कसे?"

"आले कसे म्हणजे? मी सोडले."

ते असं म्हणाले, जसं कुणी म्हणावं की दूधवाल्याला मीच सांगितलं. जशीबेनने वाटी खाली ठेवली आणि स्वतः पायरीवर बसली. बापुजी मग हिंचका पायाने थांबवून नीट समजावून सांगू लागले, कारण आम्ही दोघी या विषयात कच्च्या आहोत असं त्यांना दिसत होतं. मागच्या महिन्यात पर्युषणाच्या उपासांत त्यांच्या मनात आलं. तेव्हापासून रोज सकाळी देरासरात देवदर्शन करून परत येताना ते पोळेतून एक फेरी मारतात. पाखरांसाठी टांगलेली पाण्याची कुंडी, कूलरच्या खालचा ट्रे, कुणाच्या मनीप्लांटची बाटली, जिथे म्हणून जीव वळवळताना दिसेल तिथलं पाणी फडक्यातून गाळायचं, फडकं पितळेच्या लोट्यात धुवायचं आणि लोटा आणून टाक्यात ओतायचा. "तुझी माणसं येतात आणि सगळं रस्त्यावर ओतून देतात. फरशीवर तडफडतात बिचारे. मी तुमच्या आधी जातो, तासभर. इथे गार आहे, अंधार आहे, कुणी त्रास देत नाही."

"काका," जशीबेन म्हणाली, "तुम्ही तर पांजरपोळ उघडलीत."

"तसंच समज," बापुजी म्हणाले. त्यांना ते आवडलं.

"आणि मोठे झाल्यावर?"

"मोठे झाल्यावर उडून जातात. सकाळी झाकण उचललं की एकेक करून निघतात. बघायला फार छान वाटतं."

"चावत नाहीत तुम्हाला?"

"मला कशाला चावतील?"

जशीबेन तोंडाला पदर लावून हलायला लागली, आणि तिला बघून मीही. एकोणीस वर्षांत मी शहरभर पोस्टरं लावली, शाळांतून भाषणं केली, रेडिओवर बोलले, बड्या बिल्डरांची बांधकामं थांबवून त्यांच्या खड्ड्यांत डोकावले. आणि या सगळ्या काळात डासांचा जो एकमेव चालवलेला, राखलेला, मायेने वाढवलेला आश्रम मला सापडला तो माझ्या बापाच्या चौकात. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग समोरच्या ओट्यावरून किंजलचा आवाज आला, ती सासूला सांगत होती की तोंड अजून कडू आहे, आणि मी हसायची थांबले. जशीबेनही थांबली. बापुजींना दोन्हीचं कारण कळलं नाही.

"पण का, बापुजी?" मी विचारलं. आवाज जरा चढला असावा. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

ते हिंचक्याच्या कडीकडे बघत म्हणाले, "मी तुला रोज फोन करतो की नाही, सूर्यास्ताआधी?"

करतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून करतात. जेवलीस का, ऊन होतं का, आणि मग शेवटी ठरलेला प्रश्न, "आज किती घरं झाली?" मी सांगते, पाचशे, सातशे, अमक्या ठिकाणी अळ्या सापडल्या, औषध मारलं. ते "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात. सुरुवातीची काही वर्षं त्या प्रश्नाने माझं जेवण कडू व्हायचं. मला वाटायचं हा टोमणा आहे, रोजचा, माझ्या सगळ्या हिशेबी हिंसेवर ठेवलेलं बोट. मग मी आकडा कमी करून सांगू लागले. सातशेचे तीनशे. मग वाटलं, मी का लपवू, आणि मुद्दाम फुगवून सांगू लागले. एकदा डेंग्यूच्या साथीत मी म्हटलं होतं, "आज तीन हजार घरं बापुजी, सगळी साफ," आणि पलीकडे ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं फोन तुटला.

"तू जितकी घरं सांगायचीस," बापुजी म्हणाले, "तितके नवकार मंत्र म्हणायचो मी. तुझ्या नावाने. तीन हजार सांगितलेस त्या दिवशी पहाट झाली. आता तितकं बसवत नाही. गुडघे ऐकत नाहीत. म्हणून म्हटलं, माळेने होत नाही तर हाताने थोडे वाचवू. तुझ्या अंगावरचं तेवढंच कमी होईल."

मी चौकातल्या खांबाला टेकले. दगड पाठीला गार लागला. एकोणीस वर्षं मी ज्याला टोमणा समजत होते तो माणूस पलीकडे दिवा न लावता माझ्यासाठी बसलेला होता, आणि मी त्याला कधी चिडून, कधी गंमत म्हणून खोटे आकडे सांगत होते. मला एकदम लहान मुलीसारखं रडू आलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की काय करावं कळेना. लाज वाटलेली नव्हती त्यांना माझी. एक दिवसही वाटली नव्हती. मी उगाच जशीबेनच्या हातातला आरसा घेतला आणि पदराने पुसत राहिले.

पुसता पुसता मला बा आठवली. ती पाणियाऱ्यापाशी, पिण्याच्या पाण्याचे हंडे ठेवायच्या ओट्यापाशी, उभी आहे, जाड खादीचं फडकं दुहेरी करून हंड्याच्या तोंडावर ताणलेलं आहे, आणि मी, सात-आठ वर्षांची, मध्ये लुडबुडते आहे. पाणी गाळून झालं की ती फडकं उलटं करायची आणि वरून स्वच्छ पाणी सोडून ते धुवायची. त्या धुण्याला आम्ही जिवाणी म्हणतो. ते विहिरीचं असेल तर बादली बुडापर्यंत सोडून विहिरीत, टाक्याचं असेल तर टाक्यात. एकदा मी कुंडीची जिवाणी टाक्यात ओतायला निघाले तर तिने माझं मनगट धरलं. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात जायचा, नीरु, दुसऱ्याच्या घरी नेऊन सोडलं तर ते वाचवणं नाही. आणि मग हंडा उन्हात पालथा घालत ती जे म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवलं. पाणी उभं राहूच द्यायचं नाही. भांडं आठवड्यातून एकदा कोरडं केलं की त्यात जीव पडतच नाही. पडलाच नाही तर मारायचाही नाही आणि वाचवायचाही नाही. याला जयणा म्हणतात. मी पुढे जाडजूड पुस्तकं वाचली, परदेशातून आलेल्या तज्ज्ञांपुढे टिपणं काढली, दर रविवारी भांडी कोरडी करा अशी शहरभर मोहीम चालवली आणि तिच्यासाठी एक पितळी ढालही घेतली. सगळी मोहीम माझ्या आईने मला पाणियाऱ्यापाशी उभ्या उभ्या सांगून ठेवली होती आणि मला ती आज, या आरशाशी खेळताना कळली.

मी बापुजींना सांगितलं. ते ऐकत राहिले. "हे तिने मला कधी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही कधी पाणियाऱ्याकडे आलात का?"

"नाही," ते म्हणाले. "पेला हातात मिळायचा." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे मी त्यांना त्यांच्या घरातून उचलून आणलं." मग त्यांची नजर उघड्या दारातून समोरच्या ओट्यावर गेली, आणि मी काही बोलायच्या आत त्यांना उरलेलंही समजलं. दलाल माणूस, दोन आणि दोन जोडायला त्यांना कधी वेळ लागला नाही. ते उठले, चपला न घालता पायऱ्या उतरले आणि पोळ ओलांडून किंजलसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. आम्ही दोघी मागे धावलो.

"मिच्छामि दुक्कडम्," बापुजी म्हणाले. पर्युषण संपलं की आम्ही जैन एकमेकांची वर्षभराच्या चुकांसाठी अशी क्षमा मागतो.

किंजल उशीला टेकून मुरमुरे खात होती. "दादा, ते तर मागच्या महिन्यात झालं ना? मी तुम्हाला कार्डही पाठवलं होतं."

"तुला जो डास चावला तो माझा होता."

किंजलने माझ्याकडे बघितलं. मी थोडक्यात सांगितलं. तिची सासू कपाळाला हात लावून आत गेली. किंजल मात्र मुरमुऱ्यांची वाटी पोटावर ठेवून विचार करू लागली. "म्हणजे माझ्या मनीप्लांटच्या बाटलीतलं पाणी रोज तुम्ही काढायचात? मी म्हणते, हे रोप एवढं पाणी पितंय आणि वाढत तर काहीच नाहीये. मी सासूबाईंवर आळ घेतला होता, दादा."

"बाळाला काही—" बापुजींनी जोडलेले हात सोडले नाहीत.

"काल सोनोग्राफी झाली. मजेत आहे. रात्रभर लाथा मारतं, मला एक मिनिट झोपू देत नाही. तुमच्या पाहुण्यांपेक्षा तेच जास्त त्रास देतं." मग बापुजी तसेच उभे आहेत हे बघून ती जरा गंभीर झाली. "दादा, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. पण आता ते झाकण उघडू नका हं. मला परत नको तो ताप."

परत येताना बापुजींची चाल हळू होती. टाक्याशी येऊन ते थांबले आणि झाकणावर हात ठेवला. "औषधाशिवाय दुसरा रस्ता?"

"गप्पी मासे सोडू शकतो," मी म्हटलं. "ते अळ्या खातात."

"म्हणजे तू नाही मारणार, मासा मारणार. तिसरा?"

"पंधरा दिवस झाकण सीलबंद करायचं. बाहेर येता आलं नाही की आपोआप मरतात."

"कोंडून." चौकात ऊन सरकत सरकत त्यांच्या पायांवर आलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, कारण आता ते नाही म्हणाले असते तर मला नोटिशीवर सही करून, बाहेरून माणसं बोलावून, माझ्या बापाचं टाकं जबरदस्तीने उघडावं लागलं असतं. आणि मी ते केलं असतं. आणि त्यानंतर सूर्यास्ताआधी फोन आला नसता. शेवटी ते म्हणाले, "औषधच आण. पण ओतणार मी. चूक माझी, हे तुझ्या अंगावर नको."

मी पिशवीतून बाटली काढली. का कोण जाणे, मला ती त्यांच्या हातात द्यावीशी वाटेना. एकोणऐंशी वर्षं मुंगीवर पाय पडू न दिलेला माणूस. मी म्हटलं, "नाही बापुजी, हे माझं काम आहे." त्यांनी बाटलीचं बूड धरलं, मी मान धरली. "सोड," ते म्हणाले. "तुम्ही सोडा," मी म्हटलं. पन्नाशीला आलेली मी आणि ऐंशीला आलेले ते, लहान पोरांनी पतंगाच्या दोऱ्यावरून ओढावं तसे बाटली ओढत होतो आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"ए, द्या इकडे," जशीबेन म्हणाली. तिने बाटली दोघांच्या हातांतून अलगद काढून घेतली. "सांडाल आणि मला परत स्टोअरला जावं लागेल. तुम्ही कशावरून भांडताय ते तरी कळू दे. अठरा वर्षं हे मीच ओततेय काका. मॅडमनी आजवर एकदाही ओतलेलं नाही. त्या लिहितात."

खरं होतं. मी आठवून पाहिलं, अगदी सुरुवातीच्या वर्षापासून. आरसा धरला, वाटी धरली, नकाशे रंगवले, हुकूम काढले. बाटली नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती, आणि बहुतेक वेळा ती जशीबेनच्या.

बापुजी तिच्याकडे बघत राहिले. गेली कित्येक वर्षं ती दर दोन-तीन महिन्यांनी या चौकात येत होती, पण त्यांनी तिला असं बघितलं असेल असं मला वाटत नाही. "म्हणजे," ते हळूहळू म्हणाले, "मी इतकी वर्षं चुकीच्या बाईसाठी नवकार म्हणतोय."

"माझ्यासाठी काही म्हणू नका काका," जशीबेनने बाटलीचं बूच दातांनी काढलं. "चहा ठेवा. आठपासून उभी आहे."

बापुजींनी झाकण स्वतः उचललं. मग माझ्याकडे हात केला. मला वाटलं आधार हवाय, पण त्यांना आरसा हवा होता. मी दाखवलं, कसा धरायचा. त्यांच्या हाताला कंप आहे, त्यामुळे तिरीप आधी भिंतीवर गेली, जशीबेनच्या तोंडावर गेली, ती "काका, डोळे फोडाल" म्हणाली, आणि मग ती दगडी तोंडातून आत उतरली आणि खाली सगळं पाणी लख्ख झालं. बापुजींनी ज्या टाक्याचं पाणी जन्मभर प्यायलं ते आतून कधी पाहिलेलं नव्हतं. "केवढं मोठं आहे," ते पुटपुटले. जशीबेनने मोजून औषध सोडलं. बापुजींचे ओठ हलत होते. तिरीप मात्र त्यांनी शेवटपर्यंत हलू दिली नाही. जशीबेनला जिथे बघायचं होतं तिथेच धरून ठेवली. मग आरसा मला दिला आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले.

मी दारात उभी राहून बघत होते. पातेलं त्यांनी घेतलं आणि सवयीने पाणियाऱ्यावरच्या हंड्याकडे वळले. हंड्यात कालचं, टाक्याचं पाणी होतं. तिथे थांबले. मग हंडा उचलून मोरीत पालथा घातला आणि कोपऱ्यातल्या नळाशी गेले. पाय धुण्यापलीकडे त्या नळाचा या घरात कधी उपयोग झालेला नाही. त्यांनी फडकं दुहेरी केलं, पातेल्यावर ताणलं आणि नळ सोडला. तीन कप पाणी झाल्यावर फडकं उचलून उजेडात धरलं, एका बाजूने पाहिलं, उलटं करून पाहिलं.

"यात तर काहीच नाही," ते म्हणाले.

"नाहीच," मी म्हटलं. "आमच्या पालिकेचं पाणी आहे ते." माझ्या आवाजात इतकी मिजास होती की माझी मलाच गंमत वाटली.

चहा झाला. त्यांनी तो तीन सारख्या कपांत ओतला, पहिला जशीबेनला दिला, दुसरा मला, आणि तिसरा हातात घेऊन हिंचक्यावर बसले. आम्ही दोघी प्यायचं विसरून त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी कप तोंडाशी नेला, थांबले, डोळे मिटले आणि एक घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"गोड आहे की गं," बापुजी म्हणाले. "नळाचं पाणी गोड असतं हे मला कुणी सांगितलंच नाही."

"चार चमचे साखर घातलीत काका," जशीबेन म्हणाली आणि बशीत आणखी चहा ओतून घेतला.